अमेरिकन संसद शस्त्रविक्री खरंच थांबवू शकते का?

प्रश्न असा आलाय: बर्नी सँडर्स दर काही महिन्यांनी सिनेटमध्ये इस्रायलची शस्त्रविक्री थांबवायचे ठराव आणतात, ते दरवेळी आपटतात, मग हा नुसता दिखावा आहे का, संसदेच्या हातात काही आहे की नाही, आणि उद्या भारताची एखादी डील कोणी अशी अडवू शकतं का.

मी व्हर्जिनियात असतो, शस्त्रनिर्यातीच्या लायसन्सच्या फायली तयार करणं हे बरीच वर्षं पोटापाण्याचं काम. म्हणजे धोरण ठरवणाऱ्यांतला मी नाही, पण फाईल कुठे अडकते, कोणामुळे अडकते आणि कधी अचानक सुटते हे बघत आलोय, त्यावरून सांगतो.

ठराव आणून मतदान करून आजपर्यंत एकही विक्री थांबलेली नाही. एकही नाही. आणि तरीही संसदेने बऱ्याच विक्री थांबवल्यात, काही तर वर्षानुवर्षं लटकवून ठेवल्यात, फक्त ते मतदानातून झालेलं नाही म्हणून बातमीत येत नाही. सगळा खेळ एका गोष्टीवर आहे, संसद गप्प बसली तर काय होणार हे कायद्यात कसं लिहिलंय. गप्प बसलं की विक्री होते असं लिहिलं असेल तर थांबवणारे हरतात, गप्प बसलं की विक्री अडते असं लिहिलं असेल तर तेच जिंकतात. बाकीचं भाषणबाजी.

आता जरा मागे जाऊ. १९७६ चा आर्म्स एक्सपोर्ट कंट्रोल ॲक्ट, त्यातलं कलम ३६. सरकारला मोठी विक्री करायची असेल तर आधी संसदेला लेखी कळवावं लागतं. मोठी म्हणजे किती, तर विमानं, क्षेपणास्त्रं, रणगाडे असली मुख्य शस्त्रसामग्री १.४ कोटी डॉलरच्या वर, आणि एकूण सामान आणि सेवा धरून ५ कोटींच्या वर. पण नाटो देश आणि सोबत जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड आणि इस्रायल यांना सवलत, त्यांच्यासाठी हे आकडे अडीच कोटी आणि १० कोटी. इतरांसाठी संसदेला ३० दिवस मिळतात, या खास लोकांसाठी १५. भारत इतरांमध्ये येतो, 'मेजर डिफेन्स पार्टनर' वगैरे बिरुद असलं तरी.

त्या दिवसांत संसदेने नाही म्हटलं नाही तर विक्री पुढे सरकते. इथेच पहिली गोम आहे, होकार द्यायचाच नाहीये, फक्त नकार द्यायचाय, आणि तोही दोन्ही सभागृहांनी मिळून.

सुरुवातीला तरी हा नकार दमदार होता. दोन्ही सभागृहांनी साधा ठराव केला की झालं, राष्ट्राध्यक्षाची सही लागायची नाही. १९८१ ला रेगननी सौदीला अवॅक्स (हवेतून टेहळणी करणारी रडारवाली) विमानं विकायला काढली, साडेआठ अब्ज डॉलरचं पॅकेज, तेव्हा हाऊसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, ३०१ विरुद्ध १११ असं धडाधड विरोधात मत दिलं आणि सगळं सिनेटवर येऊन ठेपलं. तिथे रेगननी एकेका सिनेटरला गाठून, लेखी आश्वासनं देऊन ५२-४८ ने विक्री वाचवली. चार मतांचा फरक, म्हणजे दोघं फिरले असते तर बरोबरीवर आलं असतं.

मग १९८३ ला सुप्रीम कोर्टाचा चड्ढा खटला आला. जगदीश राय चड्ढा नावाचा केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी, त्याची व्हिसाची मुदत संपलेली, त्याला देशाबाहेर काढायचं की नाही यावरून सुरू झालेलं इमिग्रेशनचं प्रकरण, शस्त्रांशी काडीचा संबंध नाही. पण कोर्टाने म्हटलं की राष्ट्राध्यक्षाची सही न घेता संसद अशा ठरावांनी सरकारचे निर्णय उलटवू शकत नाही, घटनेत बसत नाही. झालं, त्या एका निकालाने डझनावारी कायद्यांतली ही सोय उडाली, त्यात शस्त्रविक्रीचीही. आता ठराव करायचा तर तो कायद्यासारखा पास करून राष्ट्राध्यक्षाकडे सहीला पाठवायचा. पण विक्री करतोय कोण? तोच राष्ट्राध्यक्ष. तो व्हेटो मारणारच. मग व्हेटो उलटवायला दोन्हीकडे दोन तृतीयांश. सिनेटमध्ये ६७. म्हणजे उलट्या बाजूने बघा, राष्ट्राध्यक्षाने १०० पैकी ३४ सिनेटर सांभाळले की त्याचं काम झालं. कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला ३४ मिळतात हो, स्वतःचा पक्ष कशासाठी असतो.

याची पहिली परीक्षा १९८६ ला. पुन्हा रेगन, पुन्हा सौदी, यावेळी साइडवाइंडर, हार्पून आणि स्टिंगर क्षेपणास्त्रं. सिनेट ७३-२२, हाऊस ३५६-६२, दोन्हीकडे प्रचंड बहुमताने विरोध. एवढा की दोन तृतीयांश सहज होतील असं वाटत होतं. रेगननी व्हेटो मारला, पण त्याआधी पॅकेजमधून स्टिंगर काढून टाकली, म्हणजे खांद्यावरून डागायची जी क्षेपणास्त्रं दहशतवाद्यांच्या हातात जातील म्हणून लोक घाबरत होते तीच वगळली. मग सिनेटमध्ये व्हेटो उलटवायचं मतदान झालं ६६-३४. एक मत कमी पडलं. ठराव हरला, पण स्टिंगर गेलीच नाहीत, हे लक्षात ठेवा, कारण सँडर्सच्या ठरावांचा अर्थ लावताना हेच लागणार आहे.

पुढची मोठी झुंज येमेनवरून. सौदी आणि अमिरातीची विमानं येमेनवर बॉम्ब टाकत होती, बॉम्ब अमेरिकन. ऑक्टोबर २०१६ ला सानामध्ये अंत्यविधीच्या हॉलवर हल्ला झाला, शंभरावर माणसं गेली, त्यानंतर ओबामांनी जाताजाता अचूक मारा करणाऱ्या बॉम्बची एक विक्री अडवली. ट्रम्प आल्यावर ती सोडली, सिनेटमध्ये जून २०१७ ला ती थांबवायचा ठराव ४७-५३ ने पडला. आदल्याच वर्षी सौदीच्या रणगाड्यांविरुद्धच्या ठरावाला फक्त २७ मतं होती, म्हणजे वारं कुठे चाललंय ते दिसत होतं. ऑक्टोबर २०१८ ला सौदी पत्रकार खशोगींची हत्या झाली आणि रिपब्लिकनांतलेही काही जण बिथरले.

मे २०१९ ला परराष्ट्रमंत्री पॉम्पेओंनी कायद्यातलं आणीबाणीचं कलम वापरलं. सरकारने 'आणीबाणी आहे' असं लिहून दिलं की ३० दिवसांचा थांबा माफ. सौदी, अमिराती आणि जॉर्डनच्या मिळून २२ विक्री, ८.१ अब्ज डॉलर, एका झटक्यात मार्गी लावल्या. आणीबाणी काय तर इराण. त्यातलं बरंचसं सामान पोचायला पुढे कित्येक महिने लागणार होते, ही कसली आणीबाणी हे सगळे विचारत होते. सिनेटने सगळ्या २२ विक्रींविरुद्धचे ठराव पास केले, सात रिपब्लिकन सोबत आले, त्यातले तीन हाऊसनेही पास केले. ट्रम्पनी तिन्हींवर व्हेटो मारला. २९ जुलैला सिनेटमध्ये व्हेटो उलटवायला ४५-४० च्या आसपास मतं पडली, दोन तृतीयांश कुठे आणि हे कुठे. ठरावाच्या मार्गाने अलीकडे जास्तीत जास्त जिथपर्यंत जाता आलं ते हे.

आता सँडर्स. नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी इस्रायलसाठीचे रणगाड्याचे गोळे, मॉर्टरचे गोळे आणि अचूक नेमासाठी बॉम्बला बसवायची जेडॅम किट यांविरुद्ध तीन ठराव आणले, मतं पडली १८, १९ आणि १७. एप्रिल २०२५ ला पुन्हा दोन, दोन्हींना १५-१५. मग गाझातल्या उपासमारीचे फोटो येत होते त्या जुलैत पुन्हा दोन, बॉम्बवरच्याला २४ आणि रायफलींवरच्याला २७. या २७ मध्ये एकही रिपब्लिकन नव्हता पण डेमोक्रॅट गटात एकूण ४७ जण, त्यातले २७, म्हणजे पक्षातले निम्म्याहून जास्त. इस्रायलच्या बाबतीत हे आधी कधी झालं नव्हतं.

तुम्ही विचाराल हे मतदानापर्यंत येतं तरी कसं, एवढ्या मोठ्या पक्षनेत्यांना नको असताना. तर सिनेटमध्ये या ठरावांना खास रस्ता आहे, कमिटीने दाबून ठेवला तरी ठराविक दिवसांनी (खास देशांसाठी पाच, इतरांसाठी दहा) कोणीही एकटा सिनेटर उठून तो सभागृहात मतदानाला लावू शकतो, फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून मतदान अडवणं, चालत नाही. हाऊसमध्ये ही सोय नाही, म्हणून तुम्हाला नेहमी सिनेटच्याच बातम्या दिसतात. सिनेटमध्ये कोणाला न विचारता प्रत्येक सहकाऱ्याला हो की नाही म्हणायला लावायची ही दुर्मिळ सोय आहे, ती सँडर्स वापरतात, आधी रँड पॉल आणि ख्रिस मर्फी वापरत होते. जिंकणार नाही हे त्यांनाही माहीत असतं.

मग उपयोग काय? उपयोग असा की सरकार पुढचं पॅकेज बनवताना हे आकडे बघतं. आमच्या धंद्यात कोणी नवीन फाईल लिहायला घेतली की पहिला प्रश्न असतो, हिलवर, म्हणजे संसदेत, याला कोण आडवं येईल. १८ मतं असतील तर कोणी विचारत नाही. ४०-४५ ला गेली की वस्तू वगळल्या जातात, अटी घातल्या जातात, विक्री दोन तुकड्यांत केली जाते, किंवा सरळ निवडणूक होईपर्यंत फाईल ड्रॉवरमध्ये जाते. स्टिंगरचं झालं तसं.

पण खरा ब्रेक वेगळीकडे आहे, आणि तो कायद्यात लिहिलेलाच नाहीये. संसदेला औपचारिक नोटीस (नोटिफिकेशन) पाठवण्याआधी परराष्ट्र खातं चार लोकांना खाजगीत विचारतं: सिनेटच्या फॉरेन रिलेशन्स कमिटीचा आणि हाऊसच्या फॉरेन अफेअर्स कमिटीचा चेअरमन, आणि दोन्हीकडचा विरोधी पक्षाचा प्रमुख सदस्य. याला टियर्ड रिव्ह्यू म्हणतात. चौघांपैकी एकजण जरी 'माझे प्रश्न आहेत' म्हणाला तरी खातं थांबतं. यालाच होल्ड. मतदान नाही, भाषण नाही, कधी कधी कारणही जाहीर नाही. इथे गप्प बसण्याचा अर्थ उलटा होतो, तो माणूस जोवर हो म्हणत नाही तोवर फाईल हलत नाही. ६६ सिनेटरना जे जमलं नाही ते इथे एकाला जमतं.

आपल्याकडच्या वाचकांना चांगलं कळेल असं उदाहरण म्हणजे २०१६ ची पाकिस्तानची एफ-१६. आठ विमानं, ६९.९ कोटी डॉलर. रँड पॉलनी ठराव आणला, सिनेटने तो ७१-२४ ने बाजूला सारला, भारतीय चॅनलवर लगेच 'अमेरिकेने पाकिस्तानला विमानं दिली' असं सुरू झालं. पण दिली नाहीत. कमिटीचे चेअरमन बॉब कॉर्कर म्हणाले विका खुशाल, पण अमेरिकन करदात्याचे पैसे त्यात घालू देणार नाही. त्यातले साधारण ४३ कोटी अमेरिकेच्या लष्करी मदतीतून येणार होते. ते बंद झाल्यावर पाकिस्तानला सगळी किंमत रोख मोजावी लागणार, त्यांनी मुदतीत होकार दिला नाही आणि डील मेली. ठरावाच्या बाजूने २४ मतं होती, चेअरमन एकटा होता, विमानं एकट्याने थांबवली.

तुर्कस्तानचं तर अजून लांबलं. नाटोतला देश, त्यांनी २०२१ ला ४० नवी एफ-१६ मागितली, सरकारलाही द्यायची होती, पण सिनेटच्या त्या कमिटीचे चेअरमन मेनेंडेझ अडून बसले, ग्रीसला त्रास देता, मानवाधिकार नाहीत, स्वीडनला नाटोत घेत नाही. दोन वर्षांच्या वर गेली. तुर्कस्तानच्या संसदेने जानेवारी २०२४ ला स्वीडनला मंजुरी दिली आणि त्याच आठवड्यात २३ अब्ज डॉलरचं नोटिफिकेशन बाहेर पडलं. तोवर मेनेंडेझ स्वतः लाचखोरीच्या आरोपांमुळे चेअरमनपद सोडून गेले होते, पण होल्डचं काम झालं होतं.

याच तुर्कस्तानवर अमेरिकन संसदेने एकदा सरळ बंदीच घातली होती. १९७४ ला सायप्रसमध्ये तुर्की सैन्य घुसलं, अमेरिकन शस्त्रं वापरून, जी फक्त स्वसंरक्षणासाठी दिलेली. फोर्ड आणि किसिंजर बंदी नको म्हणत होते. संसदेने बंदी वेगळ्या ठरावात न आणता सरकारला चालायला लागणाऱ्या खर्चाच्या बिलात घातली, फोर्डनी दोनदा व्हेटो मारला, शेवटी तडजोड झाली आणि ५ फेब्रुवारी १९७५ पासून शस्त्रं बंद. तुर्कस्तानने चिडून अमेरिकन तळांचा ताबा घेतला. बंदी १९७८ ला उठली, सैन्य सायप्रसमध्ये आजही आहे. म्हणजे थांबवता येतं, पण थांबवल्याने समोरचा ऐकतोच असं नाही. हे निधीच्या बिलाचं हत्यार मात्र खरं, कारण ते बिल राष्ट्राध्यक्षालाही हवं असतं, व्हेटो मारला तर त्याचंच सरकार अडतं.

तिसरा प्रकार प्रमाणपत्राचा. १९८५ ची प्रेसलर दुरुस्ती, पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी लिहून दिलं तरच मदत आणि शस्त्रं. अफगाणिस्तानचं युद्ध चालू होतं तोवर दरवर्षी लिहून दिलं गेलं. रशियन निघून गेले आणि १९९० ला थोरल्या बुशनी लिहून दिलं नाही. बस्स, कोणी ठराव आणला नाही, मतदान केलं नाही, आपोआप बंद. पाकिस्तानने २८ एफ-१६ साठी ६५ कोटी डॉलरच्या वर भरले होते, ती विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली आणि पैशाचा वाद क्लिंटनच्या काळात, १९९८ ला मिटला. एवढा कडक परिणाम एकाही ठरावाने साधलेला नाही.

म्हणूनच कायदाच उलटा करा, संसद हो म्हणाली तरच मोठी विक्री, अशी मागणी अधूनमधून होते. १९८० च्या दशकात सिनेटर असताना खुद्द बायडेननी तसं बिल आणलं होतं (पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर डिसेंबर २०२३ ला त्यांच्याच सरकारने इस्रायलसाठी आणीबाणीचं कलम दोनदा वापरलं, त्यात एकदा जवळपास १४ हजार रणगाड्याचे गोळे, असो). २०२१ ला मर्फी, सँडर्स आणि रिपब्लिकन माईक ली यांनी पुन्हा आणलं. पास होत नाही, कारण आपल्या मतदारसंघात क्षेपणास्त्रांचा कारखाना असलेल्या सिनेटरला प्रत्येक विक्रीवर हो-नाही करायचंच नसतं, आत्ताची व्यवस्था त्याला सोयीची आहे, विक्रीही होते आणि हातही स्वच्छ राहतात.

आता एक वाईट बातमी. होल्ड हा रिवाज आहे, कायदा नाही, आणि रिवाज मोडला तर कोर्टात जाता येत नाही. फेब्रुवारी २०२५ ला हाऊसमधले डेमोक्रॅट प्रमुख ग्रेगरी मीक्स यांचे इस्रायलच्या बॉम्ब-क्षेपणास्त्रांच्या मोठ्या पॅकेजवर प्रश्न बाकी असताना परराष्ट्र खात्याने सरळ नोटिफिकेशन पाठवून दिलं. पुढच्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री रुबिओंनी साधारण ४ अब्ज डॉलरच्या सामानासाठी आणीबाणी वापरली. एकदा असं खपलं की पुढचा परराष्ट्रमंत्री, कोणत्याही पक्षाचा, तेच करणार.

शिवाय मर्यादेखालचा रस्ता आहेच. विक्री १.४ कोटींच्या खाली ठेवली की संसदेला कळवायचीच गरज नाही. परराष्ट्र खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे अंतर्गत तपासनीसाने, २०२० ला मोजलं तर सौदी आणि अमिरातीला २०१७ पासून अशा ४,२२१ छोट्या खेपा मंजूर झालेल्या निघाल्या, बेरीज ११.२ अब्ज डॉलर. ज्या आणीबाणीवरून एवढा गदारोळ झाला तिच्यापेक्षा हे जास्त, आणि हे सगळं नियमात बसूनच. सुटे भाग, दारूगोळा, दुरुस्ती असलं सामान यात खूप असतं, त्यामुळे दरवेळी चोरी समजू नका, पण बॉम्बही याच रस्त्याने जाऊ शकतात.

भारताचं विचारलंत. भारताची फाईल याच टेबलांवरून जाते, गोव्यात दाबोळीला नौदलाची पी-८आय विमानं दिसतात तीसुद्धा. सर्वसाधारणपणे भारताच्या डीलला हिलवर कोणी हात लावत नाही, दोन्ही पक्षांत मित्र आहेत. पण ३१ एमक्यू-९बी ड्रोनच्या वेळी लागला. न्यूयॉर्कमध्ये खलिस्तानवादी गुरपतवंतसिंग पन्नूच्या हत्येच्या कटाचं आरोपपत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये उघड झालं होतं, आणि तेव्हाचे सिनेटच्या कमिटीचे चेअरमन बेन कार्डिन यांनी त्याच मुद्द्यावरून या ड्रोनचा होल्ड धरला होता. दिल्लीत ही अमेरिकेची अंतर्गत प्रक्रिया आहे एवढंच सांगत होते. बायडेन सरकारने त्यांना तपासात भारत सहकार्य करेल अशी आश्वासनं दिल्यावर त्यांनी होल्ड सोडला, १ फेब्रुवारी २०२४ ला ३.९९ अब्ज डॉलरचं नोटिफिकेशन गेलं, सिनेटमध्ये मतदानाची वेळच आली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये दिल्लीत सह्या झाल्या. किंमत वाढली नाही, ड्रोन कमी झाले नाहीत, पण एका सिनेटरला हवं होतं ते त्याने काढून घेतलं. पुढच्या वेळी भारताची डील जाहीर होऊनही महिनोन्महिने नोटिफिकेशन आलं नाही, तर त्या दोन कमिट्यांचे चेअरमन आणि विरोधी पक्षाचे प्रमुख भारताबद्दल अलीकडे काय बोललेत ते शोधा, बहुतेक तिथेच कारण सापडेल.